अडीच इंची की तीन इंची?

खारघर आणि तळोजा यांच्या मध्ये, पनवेल तालुक्यात, ओवे गाव आहे. तिथल्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये आम्ही आमच्या जुन्या गाडीचा गंजून फाटलेला सायलेन्सर जोडून घ्यायला गेलो होतो. वेल्डिंगचा नंबर लागायला वेळ होता. भिंतीला टेकून स्टेनलेस स्टीलचे दोन लांब पाइप उभे होते, एक अडीच इंची आणि एक तीन इंची. बाजूला जॅकवर चढवलेली एक मोटार होती. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, त्याला मोठा टर्बो बसवलेला. मालकाला तिच्यातून ४०० अश्वशक्ती हवी होती. लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तशा शर्यतीत त्याला गाडी पळवायची होती.

गॅरेजचे मालक अडीच इंची पाइपाच्या बाजूचे होते. "मोठा पाइप लावला की बॅक प्रेशर जातं, आणि बॅक प्रेशर गेलं की गाडी खालच्या गिअरला मरते," असे त्यांचे म्हणणे. सुट्टीत हाताखाली काम करणारा त्यांचा भाचा बारावी विज्ञान शाखेत शिकतो. तो म्हणत होता, "मामा, धूर बाहेर पडायला जागा नको का?" पाइप एकदा कापला की दुकानदार परत घेत नाही, म्हणून करवत अजून चालली नव्हती. शिवाय फळीवर एक पिस्टन ठेवलेला होता. त्याच्या माथ्यावर बोट जाईल एवढे भोक पडले होते. आधीच्या अशाच एका इंजिनाचा तो पिस्टन. त्या गाडीला अडीच इंची पाइप होता.

आमचे रोजचे काम वायूंच्या प्रवाहाशी निगडित आहे हे कळल्यावर निवाडा आमच्याकडे आला. पाठीमागच्या कोऱ्या बिलांवर आम्ही तिघांनी जो हिशेब मांडला तो इथे देत आहोत. त्यात अकरावी-बारावीच्या पलीकडचे फारसे काही नाही.

सुरुवात इंधनापासून करू. ४०० अश्वशक्ती म्हणजे साधारण ३०० किलोवॅट. पूर्ण जोर लावलेले टर्बो असलेले पेट्रोल इंजिन दर किलोवॅट-तासाला सुमारे ०.३२ किलोग्रॅम पेट्रोल जाळते. म्हणजे सेकंदाला २६ ग्रॅम. कटिंग चहाचा ग्लास डोळ्यांसमोर आणा. दर तीन सेकंदांना तसा एक ग्लास पेट्रोल. इतक्या पेट्रोलबरोबर हवा किती लागते? पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. परंतु टर्बो इंजिनात पूर्ण जोराच्या वेळी मिश्रण मुद्दाम इंधनाने समृद्ध ठेवतात, कारण जादा पेट्रोलच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधले तापमान आटोक्यात राहते. तेव्हा बारापट धरू. हवा झाली सेकंदाला ०.३१ किलो, आणि हवा अधिक इंधन मिळून धूर झाला सुमारे ०.३४ किलो. वस्तुमान अक्षय्य राहते, त्यामुळे आत गेले तेवढे बाहेर यायलाच हवे.

इथपर्यंत आकडा किरकोळ वाटतो. पाव किलोहून थोडा जास्त धूर, त्यासाठी एवढी चर्चा कशाला? पण धूर गरम असतो. टर्बोतून बाहेर पडताना त्याचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. हिशेबासाठी १००० केल्विन घेऊ. वातावरणाच्या दाबाला आणि या तापमानाला वायूची घनता घनमीटरला जेमतेम ०.३५ किलो भरते. भागाकार करा. सेकंदाला जवळजवळ एक घनमीटर धूर! इंजिनाने आत ओढलेली हवा होती २७० लिटर आणि बाहेर पडतात सुमारे १००० लिटर. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशी वर्गखोली हे इंजिन तीन मिनिटांच्या आत धुराने भरेल. हा घनमीटर आपल्याला दर सेकंदाला एका पाइपातून न्यायचा आहे.

आता सातत्याचे समीकरण: छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे दर सेकंदाला जाणारे आकारमान. बाजारात पाइपाचे माप बाहेरून सांगतात. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर अडीच इंची पाइप आतून ६०.५ मि.मी. आणि तीन इंची ७३ मि.मी. भरतो. भाच्याने भागाकार केला आणि थबकला. अडीच इंचीत वेग येतो सेकंदाला सुमारे ३५० मीटर. "सर, हा तर आवाजाचा वेग झाला!" बाहेरच्या हवेतला होय, पण पाइपातल्या तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सुमारे ६२० मीटर असतो. म्हणजे धूर ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतो आहे. तीन इंचीत तोच वेग २४० मीटरवर येतो.

वेगाला किंमत पडते ती दाबाच्या रूपात. वायूला हलते करायला, बेंडमधून वळवायला, भिंतीशी घासत न्यायला जो दाब खर्च होतो, तो 'अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग' या राशीच्या प्रमाणात असतो. बर्नुलीच्या समीकरणातले हे पद विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. अडीच इंचीसाठी ही राशी येते २१ किलोपास्कल आणि तीन इंचीसाठी १०. व्यास फक्त एक पंचमांश वाढला, क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट झाले आणि खर्च निम्म्यावर आला. वेग व्यासाच्या वर्गाने कमी होतो आणि दाब वेगाच्या वर्गाने, म्हणून एकूण व्यासाचा चतुर्थ घात. भिंतीच्या घर्षणाच्या भागात तर पाचवा घात येतो, कारण तिथे पाइपाची लांबी व्यासाच्या कितीपट आहे यालाही महत्त्व असते.

चौथा-पाचवा घात फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही. त्यासाठी एक साधा प्रयोग करून पाहावा. एक टाकी किंवा मोठा ड्रम उंचावर ठेवा. बागेला पाणी घालायच्या रबरी नळीचे प्रत्येकी पाच मीटरचे दोन तुकडे घ्या, एक अर्ध्या इंचाचा आणि एक इंचाचा. नळीचे खालचे तोंड पाण्याच्या पातळीपासून दोन मीटर खाली ठेवून पंधरा लिटरची बादली भरायला लागणारा वेळ मोजा. मुलांना आधी अंदाज विचारा. बहुतेक जण म्हणतील दुप्पट फरक. क्षेत्रफळ आठवणारे म्हणतील चौपट. हिशेबाने एक इंची नळीला सुमारे १२ सेकंद लागायला हवेत आणि अर्ध्या इंचीला ७० च्या आसपास. जवळजवळ सहापट! ड्रममधली पातळी शक्यतो कायम ठेवा, नाहीतर आकडे घसरतील. आणि नळी कुठे मुडपलेली नाही ना हे पाहा. या मुडपण्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

पाइपाकडे वळू. चार मीटरचा पाइप, चार-पाच सौम्य बेंड, आरपार जाणारा सायलेन्सर आणि शेवटी बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराची गती, हे सारे धरून एकूण खर्च वरच्या राशीच्या साधारण तिप्पट होतो. दाब वाढला की धूर थोडा घट्ट होतो आणि वेग थोडा उतरतो, तेवढी दुरुस्ती करून आमचे आकडे असे आले: अडीच इंचीत सुमारे ५० किलोपास्कल, तीन इंचीत २७, साडेतीन इंचीत १५ आणि चार इंचीत ९. वातावरणाचा दाब १०० किलोपास्कलच्या जवळपास असतो. म्हणजे अडीच इंची पाइप लावला तर टर्बोच्या तोंडाशी वातावरणाच्या दीडपट दाब साठून राहणार. यालाच गॅरेजमध्ये बॅक प्रेशर म्हणतात. आपण प्रतिदाब म्हणू.

साध्या इंजिनात हा प्रतिदाब असतो तेवढाच पिस्टनला भोगावा लागतो. टर्बो असला की गोष्ट बिघडते आणि इथेच खरी गंमत आहे. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाके. एक चाक, टर्बाइन, बाहेर जाणाऱ्या धुराने फिरते. दुसरे, कॉम्प्रेसर, आत येणारी हवा दाबते. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे आहे. अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी १९१८ साली एक विमान-इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे त्याचा जोर टिकतो हे दाखवले.

टर्बाइनला किती काम करता येईल हे कशावर ठरते? आतल्या आणि बाहेरच्या दाबांच्या फरकावर, असे चटकन वाटते. प्रत्यक्षात ते त्या दाबांच्या गुणोत्तरावर ठरते. वायू किती पट फुगतो यावर तो किती काम देतो हे अवलंबून असते. आपल्या इंजिनाला हवी तेवढी हवा दाबून देण्यासाठी टर्बाइनला अडीचचे गुणोत्तर लागते असे धरू. बाहेर नुसते वातावरण असेल तर आत २५० किलोपास्कल पुरतील. पण बाहेर वातावरणाच्या वर ५० किलोपास्कल प्रतिदाब साठला, म्हणजे एकूण १५० झाले, तर आत ३७५ लागतील. पाइपात ५० वाढले की इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये १२५ वाढतात. सावकारी व्याजासारखा हा प्रकार आहे. प्रत्यक्ष इंजिनात वेस्टगेट नावाची झडप मध्ये पडून थोडीफार सांभाळून घेते, त्यामुळे गुणोत्तर अगदी स्थिर राहत नाही. तरी कल कळायला हा हिशेब पुरेसा आहे.

आता किंमत अश्वशक्तीत काढू. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेते तेव्हा ते सेकंदाला ५८ वेळा आपले सगळे सिलिंडर रिकामे करते, म्हणजे ०.११७ घनमीटर. दाब गुणिले दर सेकंदाचे आकारमान म्हणजे शक्ती. अडीच इंचीवरून तीन इंचीवर आलो तर पाइपातला दाब २३ किलोपास्कलने आणि मॅनिफोल्डमधला सुमारे ५७ ने उतरतो. पिस्टनचे वाचलेले काम ६.७ किलोवॅट, म्हणजे नऊ अश्वशक्ती. तीनवरून साडेतीनवर गेलो तर आणखी पाच. साडेतीनवरून चारवर गेलो तर जेमतेम अडीच. दर अर्ध्या इंचाला फायदा निम्मा होत जातो.

नऊ अश्वशक्तीसाठी कोणी भांडावे का, असे मामांनी विचारले. प्रश्न रास्त होता. चारशेत नऊ म्हणजे अडीच टक्केही नाही. पण तो फळीवरचा पिस्टन या हिशेबात अजून आलेलाच नाही. पिस्टन पार वर आला तरी सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही. संपीडन गुणोत्तर ९ असेल तर ५०० घनसेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला सुमारे ६२ घनसेंटिमीटर जागा उरतेच, आणि त्या जागेत मॅनिफोल्डच्या दाबाचा जळका, तापलेला वायू अडकून पडतो. अडीच इंची पाइपाने मॅनिफोल्डमध्ये ३७५ किलोपास्कल आणि तीन इंचीने ३१८ असतील, तर अडकलेला वायू अडीच इंचीत सुमारे १८ टक्के अधिक. हा निखारा पुढच्या ताज्या मिश्रणात मिसळतो. मिश्रण आधीच तापलेले, त्यात दाब मोठा. ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते आणि ठोके पडू लागतात. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. हे ठोके थांबले नाहीत तर ॲल्युमिनियमचा पिस्टन मऊ होतो, झिजतो, शेवटी भोक पडते. त्या जुन्या इंजिनाचा पिस्टन केवळ पाइपामुळे गेला असे आम्ही म्हणणार नाही. इंधन कमी पडले असेल, ठिणगी लवकर पडत असेल, पेट्रोल हलके असेल. पण अरुंद पाइपाने त्या सगळ्या चुकांसाठीची सवलत खाऊन टाकली असणार, एवढे नक्की म्हणता येते.

मग "बॅक प्रेशर लागतंच" हे इतक्या अनुभवी माणसांचे मत आले कुठून? ते हवेतून आलेले नाही, म्हणून थोडे थांबून पाहू. टर्बो नसलेल्या इंजिनात एक्झॉस्टची झडप उघडते तेव्हा पाइपात दाबाची एक लाट सुटते. पाइपाच्या उघड्या टोकावर आपटून ती उलटी फिरते, आणि परत येताना ती दाबाची नव्हे तर विरळपणाची लाट असते. उघड्या नळीतल्या ध्वनिलहरींचा धडा शिकवताना आपण हेच सांगतो. ही विरळ लाट नेमक्या वेळी झडपेपाशी पोचली तर ती उरलेला धूर ओढून काढते. पाइप अवाजवी मोठा केला की लाट दुबळी होते, धुराचा वेग मंदावतो, आणि मधल्या फेऱ्यांत मिळणारी ही फुकटची मदत जाते. शिवाय कार्बुरेटरची जुळणी जुन्या पाइपाला धरून केलेली असते. नवा पाइप लावून जेट तेच ठेवले की मिश्रण पातळ होते आणि गाडी अडखळते. माणूस निष्कर्ष काढतो, बॅक प्रेशर गेले म्हणून गाडी मेली. गेली होती ती लाटेची वेळ आणि इंधनाची जुळणी.

दोन-स्ट्रोक गाड्यांत हा समज आणखी घट्ट बसला असावा असे आम्हाला वाटते. यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलून पस्तावलेले कितीतरी जण आजच्या पन्नाशीत आहेत. तिथे पाइपाचा फुगीर-निमुळता आकार दाबाची लाट मुद्दाम परत पाठवतो आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलतो. तिथे दाब खरोखरच लागतो, पण क्षणभर आणि ठरल्या वेळी. सतत साठलेला प्रतिदाब तिथेही उपद्रवीच.

नुसता प्रतिदाब काय करतो हे पाहायचे असेल तर ओव्याहून फार लांब जायला नको. बोरघाट उतरणाऱ्या जड ट्रकच्या ड्रायव्हरला विचारा. अनेक ट्रकांत एक्झॉस्ट ब्रेक असतो. कळ दाबली की एक्झॉस्टच्या पाइपात बसवलेली चकती आडवी होऊन वाट बंद करते आणि इंजिनाचे डिझेल तुटते. पिस्टन कोंडलेल्या हवेवर ढकलत राहतात आणि भरलेला ट्रक चाकांचे ब्रेक न तापवता आवरला जातो. प्रतिदाब हा ब्रेक आहे. शर्यतीच्या गाडीला आपण तो कायमचा अर्धवट लावून ठेवणार का? मामांना बाकी कुठल्याही समीकरणापेक्षा हा दाखला पटला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात येणाऱ्या ट्रकांची कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली आहेत.

टर्बो असलेल्या इंजिनात लाटांचे गणित टर्बाइनच्या आधीच संपते. सिलिंडरपासून टर्बाइनपर्यंतची वाट आखूड आणि बेताच्या रुंदीची हवी, कारण तिथे धुराचा वेग, धक्का आणि उष्णता हे सगळे चाकाला मिळायला हवे. तिथे भाच्याचा 'मोठा तो चांगला' हा नियम चुकतो. चाकाच्या पात्यांतून गेल्यावर धक्के बोथट होतात, त्यांच्यातून ओढून घेण्यासारखे फारसे उरत नाही, आणि पुढच्या पाइपाचे काम एकच राहते: धूर विनासायास बाहेर नेणे. आणि खालच्या गिअरला गाडी मरण्याची भीती? प्रवाह एक चतुर्थांश असताना दाबाचा खर्च एक षोडशांशावर येतो. तीन इंचीतले २७ किलोपास्कल दोनाच्याही खाली जातात. त्या वेळी पाइप अडीच इंची आहे की तीन इंची हे इंजिनाला कळणारही नाही. कळलेच तर रुंद पाइपात टर्बो किंचित लवकर वेग घेईल.

हाच मुद्दा उलट बाजूनेही लागू पडतो. खारघरच्या सिग्नलपासून पनवेलच्या स्टेशनपर्यंत गाडी चालवताना इंजिनाला क्वचितच चाळीस अश्वशक्तीहून अधिक लागते. प्रवाह एक दशांश, खर्च एक शतांश. रोजच्या गाडीला जाडजूड पाइप लावून मिळतो तो फक्त आवाज.

मग चार इंचीच का नको? एक तर फायदा आटत जातो हे वर दिसलेच. दुसरे, जागा. आपल्याकडच्या मोटारी जमिनीपासून साधारण १७० मि.मी. उंच असतात, त्यांच्या पोटाखालून शंभर मि.मी. जाडीचा पाइप नेला तर पहिल्याच गतिरोधकावर तो चेपतो. चेपलेला चार इंची हा सरळ तीन इंचीहून वाईट. इथे बागेच्या मुडपलेल्या नळीची आठवण ठेवा. सगळे भाग एकामागोमाग जोडलेले असल्याने एकसरीतल्या रोधांसारखे ते बेरजेत येतात, आणि सर्वांत अरुंद तुकडा चतुर्थ घाताने बोलतो. चार मीटर तीन इंची पाइप घालून मध्ये एक जुना दोन इंची सांधा राहू दिला तर पैसे पाण्यात. म्हणून बेंड कसा वाकवला हे व्यासाइतकेच महत्त्वाचे. नुसत्या जोराने वाकवलेला पाइप कोपऱ्यात चपटा होतो. जुने कारागीर पाइपात कोरडी वाळू ठासून, तोंडे बंद करून, लाल तापवून वाकवत. वाळू भिंतींना आत दबू देत नाही. पद्धत वेळखाऊ आहे, पण आम्हाला ती फार आवडते. आता आतून आधार देऊन वाकवलेले बेंड तयार मिळतात. वाळू वापरलीच तर ती अगदी सुकी हवी; ओल राहिली तर वाफ कोंडून स्फोट होतो.

टर्बोच्या लगतचा पहिला अर्धा मीटर सर्वांत नाजूक. तिथे धूर सर्वांत गरम, म्हणून सर्वांत विरळ आणि वेगवान, शिवाय चाकातून बाहेर पडताना भोवऱ्यासारखा फिरत असतो. तिथे एकदम काटकोनात वळवू नये. हळूहळू रुंदावणाऱ्या शंकूतून नेला तर वेगाचा काही भाग पुन्हा दाबात परततो. मागे जाता जाता धूर थंड होतो. तो ७५० केल्विनपर्यंत उतरला तर त्याच खर्चात ७ टक्के बारीक पाइप चालतो. मागच्या ॲक्सलजवळ जागेची अडचण असते, तिथे ही सवलत उपयोगी पडते.

वेगळ्या शक्तीच्या गाडीसाठी सगळा हिशेब पुन्हा करायची गरज नाही. धुराचा प्रवाह शक्तीच्या प्रमाणात असतो, आणि खर्च तेवढाच ठेवायचा तर छेदाचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात हवे. म्हणजे व्यास शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ४०० ला तीन इंच, तर १०० ला दीड इंच. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या छोट्या मोटारीचा पाइप थंड असताना सुताने परीघ मोजून पाहा. दीड इंचाच्या आगेमागेच व्यास निघेल. डिझेलच्या ट्रकांना मात्र हे प्रमाण लावू नका. डिझेल इंजिन गरजेपेक्षा बरीच जास्त हवा घेते आणि त्याचा धूर बराच थंड असतो, त्यामुळे आकडे वेगळे येतात. शिवाय दिवसच्या दिवस भार ओढायचा असल्याने तिथे प्रतिदाब फार कमी ठेवतात.

विद्यार्थ्यांसमोर हा विषय काढताना एक गोष्ट सांगायलाच हवी. वरचा सगळा हिशेब बंदिस्त धावपट्टीवरच्या गाडीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि आवाजाची व धुराची मानके मोडली तर दंड वेगळा. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. रस्त्यावरच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. तो थोडा प्रतिदाब निर्माण करतो म्हणून काही जण काढून टाकतात आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड सरळ रस्त्यावर सोडतात. ज्याला तो अडथळा सलतो त्याने कन्व्हर्टर रुंद बसवावा, काढू नये.

ओव्यात शेवटी तीन इंची पाइपावर करवत चालली. साडेतीनसाठी भाच्याने थोडी खटपट केली, परंतु गाडीखाली जागाच नव्हती. आमच्या आग्रहाने टर्बोपासून एका विताच्या अंतरावर पाइपाला छोटे भोक पाडून त्यावर एक नट वेल्ड करून घेतला. त्यात मीटरभर तांब्याची बारीक नळी बसवायची, तिला दोन-तीन वेटोळी द्यायची म्हणजे गरम वायू गेजपर्यंत पोचता पोचता निवतो, आणि दुसऱ्या टोकाला साधा दाबमापक लावायचा. गाडी अजून शक्ती मोजायच्या रोलरवर चढायची आहे. पूर्ण जोरात काटा २५ ते ३० किलोपास्कलच्या दरम्यान थांबला तर आमचा हिशेब जमला. चाळीसच्या पुढे गेला तर कुठला तरी बेंड आतून चेपलेला आहे आणि तो शोधायला पाइप पुन्हा खाली उतरवावा लागेल.